डेटाबेसच्या कामाला भाव लावताना: विखुरलेल्या यंत्रांवर बाजारपद्धतीने वाटणी कशी करावी

ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी उरकली की संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या गोदामासमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. थ्रेशरवरून कट्टे सरळ ट्रॉलीत आणि ट्रॉली सरळ काट्यावर. तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका संध्याकाळी एका कास्तकाराचं वजन झालं होतं, ओलावा मापून झाला होता, हमालांनी पुढची ट्रॉली आणायला हात केला होता, पण पावती निघत नव्हती. प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. चाळीस सेकंदांनी कागद बाहेर आला. मागे सतरा ट्रॉल्या होत्या. सतरा वेळा चाळीस सेकंद म्हणजे अकरा मिनिटांच्या वर, आणि दिवसभर वावरात राबलेल्या माणसाची ती अकरा मिनिटं होती.

कारण रात्री सापडलं. त्याच वेळी कार्यालयातून कुणीतरी तीन हंगामांच्या तुलनेचा अहवाल मागवला होता आणि तो गोदामातल्याच यंत्रावर चालला होता. तिकडे मुंबईच्या डेटा सेंटरमधलं आमचं भाड्याचं यंत्र रिकामं बसलेलं होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात चार शेतकरी उत्पादक कंपन्यांची नोंदव्यवस्था सांभाळतो. चार गावांतल्या संकलन केंद्रांवर एकेक लहान संगणक, तालुक्याच्या गोदामात एक थोडा दणकट, आणि मुंबईत एक भाड्याचा, अशी सहा यंत्रं. सगळ्यांवर पोस्टग्रेस नावाची डेटाबेस प्रणाली, एकमेकांशी जोडलेली. काम कुठे चालवायचं आणि कोणाचं आधी, हे आम्ही आता भाव लावून ठरवतो. ही पद्धत पायरीपायरीने कशी उभी करायची ते इथे सांगतो. मी केलेल्या चुकाही सांगणार आहे, कारण त्या तुम्हाला टाळता येतील.

आधी गरज तपासा

तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तिथे जोडण्यांची मर्यादा, क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) वेळेची मर्यादा आणि एक साधी रांग एवढ्यावर भागतं. यंत्रं तीन-चारच्या वर असतील, प्रत्येकाची ताकद वेगळी असेल, आणि प्रत्येक ठिकाणची परिस्थिती दूर बसून कळत नसेल, तेव्हाच भावाचा उपयोग आहे.

आधी मीही नियमच लिहिले होते. संध्याकाळी ५ ते ८ अहवाल बंद. मग एक दिवस दुपारी आभाळ भरून आलं आणि सगळ्यांनी माल दुपारीच आणला. नियम बदलला. मग एका गावची लाईन गेली, केंद्र इन्व्हर्टरवर आलं, तरी तालुक्याच्या यंत्राने त्याच्याकडे जड क्वेरी पाठवली, कारण त्याला लाईन गेल्याचं ठाऊकच नव्हतं. त्यासाठी आणखी एक नियम. करता करता नियम चाळीसच्या घरात गेले आणि कोणता कोणाला खोडतो ते मलाच उमजेना.

पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे ट्रॅक्टर कोणाच्या वावरात जाईल हे कोणतंही कार्यालय ठरवत नाही. पाऊस पडला की भाडं चढतं, ज्याला दोन दिवस थांबता येतं तो थांबतो. मात्र या बाजारात एक खोट आहे आणि ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे: काही जण घाई नाही म्हणून थांबतात, तर काही जण खिशात पैसा नाही म्हणून. डेटाबेसमध्ये ही खोट काढता येते, कारण तिथे प्रत्येकाचं पाकीट, म्हणजे कामावर खर्चायचं खोटं चलन, आपणच भरतो. माझ्या सगळ्या रचनेचा पाया हाच आहे. भाव यंत्राने सांगावा, पाकीट माणसांनी ठरवावं. कोणतं यंत्र किती दमलं आहे हे भावातून कळतं. कोणाचं काम महत्त्वाचं आहे हे पाकिटातून. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की घोळ सुरू होतो.

ही कल्पना कुठून आली

कल्पना जुनी आहे. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्डमधल्या पीडीपी-१ संगणकाचे तास वाटण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. वापरणाऱ्यांना त्यांच्या कामाच्या महत्त्वाप्रमाणे खोटं चलन दिलेलं होतं, त्याला ते येन म्हणत, आणि हव्या त्या तासांवर बोली लावायची. १९९२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या मंडळींनी स्पॉन नावाची प्रणाली मांडली, तिच्यात जाळ्यातल्या रिकाम्या संगणकांचा वेळ लिलावाने विकला जाई.

आपल्या कामाची खरी नांदी म्हणजे मारिपोसा. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर हा विखुरलेला डेटाबेस बांधला. पोस्टग्रेसची मुळंही स्टोनब्रेकर यांच्याच कामात आहेत, आणि २०१४ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. मारिपोसात प्रत्येक क्वेरी स्वतःचं बजेट घेऊन येते, दलाल, म्हणजे काम वाटून देणारा प्रोग्राम, वेगवेगळ्या यंत्रांकडून भाव मागवतो, आणि माहितीचे तुकडेसुद्धा यंत्रं एकमेकांना विकतात. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी तिथल्याच आहेत, मी त्या आमच्या मापाच्या करून घेतल्या.

पहिली पायरी: मोजायचं एकक

रुपयांत भाव लावू नका. रुपया म्हटला की प्रत्येक आकड्यावर बैठक होते. आम्ही एककाचं नाव कवडी ठेवलं. दणकट यंत्रावर, दुसरं काही चालू नसताना, १० मिलिसेकंदांत होणारं काम म्हणजे एक कवडी.

क्वेरी चालवण्याआधी ती किती कवड्यांची हे कळायला हवं. इथे पोस्टग्रेसचा एक्स्प्लेन कामाला येतो. तो क्वेरी न चालवता तिच्या खर्चाचा अंदाज देतो. त्या अंदाजात क्रमाने एक पान वाचणं म्हणजे १, इकडचं-तिकडचं पान वाचणं म्हणजे ४, आणि टेबलातली एक ओळ, म्हणजे एक नोंद, हाताळणं म्हणजे ०.०१, असे मूळ आकडे धरलेले असतात. पान म्हणजे डिस्कवरचा ८ किलोबाइटचा तुकडा. हा आकडा वेळेचा नाही, हे लक्षात ठेवा. म्हणून तुमच्या रोजच्या वापरातल्या वीस-पंचवीस क्वेरी घ्या, प्रत्येक यंत्रावर शांत वेळी चालवा, अंदाज आणि खरा लागलेला वेळ शेजारी शेजारी लिहा. प्रत्येक यंत्राचा एक गुणक निघेल. आमच्या गावांतल्या लहान संगणकांचा गुणक गोदामाच्या अडीचपट निघाला. एका केंद्रावरचा चौपट आला, तेव्हा तिथली जुनी फिरती हार्ड डिस्क लक्षात आली. एसएसडी बसवल्यावर तोही इतरांच्या रांगेत आला.

टेबलांची आकडेवारी शिळी असेल तर अंदाज साफ चुकतो. हंगामात रोज रात्री अनालाइझ, म्हणजे ही आकडेवारी ताजी करणारी आज्ञा, चालवा. त्याशिवाय पुढची एकही पायरी नीट चालणार नाही.

नेटचा खर्च वेगळा धरा. गावात मोबाइल नेट आहे, म्हणून आमच्याकडे दर ५० किलोबाइटला एक कवडी, गोदामाच्या फायबरवर त्याचा दहावा हिस्सा. आणखी एक खर्च बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे व्यवहार (एकत्रच पुऱ्या व्हायच्या कामांचा गठ्ठा) उघडा ठेवण्याचा. एखादी क्वेरी तासभर उघडी राहिली तर पोस्टग्रेसला त्या काळात बदललेल्या किंवा खोडलेल्या जुन्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. कुलुपं, म्हणजे त्याच नोंदी इतरांना बदलू न देणारे अडसर, अडकली तर बाकीचे ताटकळतात ते वेगळंच. आम्ही उघड्या व्यवहाराला दर मिनिटाला कवड्या लावल्या, आणि चहाला जाताना खिडकी उघडी टाकून जायची सवय आठवड्यात मोडली.

दुसरी पायरी: भाव चढतो-उतरतो कसा

प्रत्येक यंत्र आपला दर आपण ठरवतं. दर म्हणजे मूळ किंमतीला गुणायचा आकडा. सुरुवातीला १. दर १५ सेकंदांनी यंत्र आपला भार बघतं आणि नवा दर काढतं. भार म्हणजे ताकदीचा किती हिस्सा कामात आहे, पूर्ण भरला की १. नवा दर = जुना दर × (१ + ०.५ × (भार − ०.७)). भार ०.९५ असेल तर वाढ साडेबारा टक्के. म्हणजे दर १ वरून १.१३, १.२७, १.४२ आणि मिनिटाभरात १.६. भार ०.७ वर आला की दर जिथल्या तिथे थांबतो. ते ०.७ हे आपलं लक्ष्य. १ ठेवू नका, अचानक आलेल्या ट्रॉलीसाठी जागा हवी.

खाली ०.५ आणि वर ८ अशा हद्दी घाला. उतरण एका वेळी पाच टक्क्यांपेक्षा जास्त होऊ देऊ नका. या वाक्यामागे एक वाईट रात्र आहे.

पहिल्या हंगामात मी उतरणीला लगाम घातला नव्हता. गोदामाचा दर चढला, सगळे अहवाल मुंबईकडे पळाले. गोदाम रिकामं झालं, दर धाडकन पडला, तिकडे मुंबईचा चढला, की सगळे परत गोदामाकडे. नोंदवहीत दराचा मिनिटागणिक आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता, आणि प्रत्येक दात्यावर काट्यापाशी कोणीतरी पावतीसाठी थांबलेलं होतं. उपाय तीन केले. उतरण सावकाश केली. भार क्षणाचा न घेता गेल्या दोन मिनिटांचा सरासरी घेतला. आणि दलालाला सांगितलं की सगळ्यांत स्वस्त यंत्र शोधू नकोस. सहातली कोणतीही दोन चिठ्ठी टाकून निवड आणि त्या दोघांतलं स्वस्त घे. या तिसऱ्या उपायाने झुंड फुटते. मोठ्या प्रणालींमध्येही भार वाटायला ही युक्ती वापरतात.

आता इन्व्हर्टर. भावाचं खरं मोल मला इथे कळलं. केंद्रावरच्या यंत्राला यूपीएसकडून लाईन गेल्याची खूण मिळते. खूण मिळाली की ते आपला दर चौपट करतं. बॅटरी तीस टक्क्यांखाली गेली की भाव सांगणंच बंद करतं, फक्त स्वतःच्या काट्याच्या पावत्या सांभाळतं. तालुक्याला यातलं काहीच कळवावं लागत नाही. त्याला फक्त भाव महाग दिसतो आणि तो दुसरीकडे जातो. माझे जुने चाळीसातले अकरा नियम या दोन ओळींत संपले.

तिसरी पायरी: क्वेरीचं बजेट

प्रत्येक क्वेरीसोबत दोन गोष्टी हव्यात: किती कवड्या द्यायची तयारी, आणि उशीर झाला तर ती तयारी किती घटते. मारिपोसात हा आलेखच असतो, वेळ वाढेल तशी किंमत उतरत जाते किंवा सपाट राहते, चढत कधी नाही.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. अहवाल असा: या हंगामात केंद्रनिहाय किती क्विंटल सोयाबीन आलं आणि सरासरी ओलावा किती. बजेट, पहिल्या १० सेकंदांत उत्तर मिळालं तर ४०० कवड्या, त्यानंतर दर सेकंदाला ५ कमी, ७० सेकंदांना १००, त्यापुढे शून्य. संध्याकाळची वेळ. चारही गावांच्या नोंदींच्या प्रती गोदामात आणि मुंबईत आहेत. कामाची मूळ किंमत १२० कवड्या.

गोदामाचा दर त्या वेळी २.५, म्हणून त्याचा भाव ३००, वेळ ८ सेकंद. मुंबईचा दर १.१, म्हणजे १३२, अधिक नेटचे ४०, एकूण १७२, पण वेळ २५ सेकंद. आता भाव आणि वेळ दोन्ही तोलायचे. ८ सेकंदांना बजेट ४००, त्यातून ३०० गेले, शिल्लक १००. २५ सेकंदांना बजेट ३२५, त्यातून १७२ गेले, शिल्लक १५३. काम मुंबईला. अहवाल मागणाऱ्याला सतरा सेकंद जास्त लागले आणि काटा अडला नाही. हाच अहवाल सकाळी दहाला मागितला तर गोदामाचा दर ०.६, भाव ७२, वेळ ४ सेकंद, शिल्लक ३२८. तेव्हा तो गोदामातच चालतो. नियम एकही बदललेला नाही.

बजेट माणसांना भरायला लावू नका. कोणालाच आकडा सुचत नाही. आम्ही अर्जातच तीन पर्याय ठेवले: आत्ता, चहा होईपर्यंत, उद्या सकाळी. प्रत्येकामागे ठरलेला आलेख आहे. "उद्या सकाळी" निवडणाऱ्यांचं प्रमाण मला वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त निघालं. लोकांना घाई नव्हतीच, त्यांना विचारलंच गेलं नव्हतं.

चौथी पायरी: लिलाव की लावलेला भाव

बाजार समितीत हर्रास होतो, अडत्या बोली पुकारतो, व्यापारी भोवती असतात. किराणा दुकानात मात्र एका साबणासाठी कोणी बोली लावत नाही, भाव पाटीवर लिहिलेला असतो. डेटाबेसमध्ये दोन्ही हवेत.

सहा यंत्रांकडून भाव मागवायला आमच्या नेटवर तीन-चारशे मिलिसेकंद जातात. क्वेरीच २० मिलिसेकंदांची असेल तर तिचा लिलाव करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून लहान कामांना पाटीवरचा भाव. प्रत्येक यंत्र आपण जिवंत असल्याची खूण दर १५ सेकंदांनी पाठवतंच, त्याच निरोपात आपला दरही टाकतं. दलाल तो फळ्यावर ठेवतो आणि न विचारता काम पाठवतो. मारिपोसातही ही सोय होती, मोठ्या क्वेरींना बोली आणि लहानांना थेट ऑर्डर. आमची सीमा ५० कवड्यांची आहे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचं काम.

त्यावरच्या कामांना बोली. बोलीत तीन गोष्टी असाव्यात: किंमत, लागणारा वेळ, आणि ही बोली किती वेळ चालेल. तिसरी गोष्ट गाळू नका. आमच्याकडे बोली २० सेकंदांत शिळी होते. न ठरवता सोडली तर दलाल जुन्या स्वस्त भावावर नवं काम लादतो आणि यंत्र घुसमटतं.

उशिरा काम देणाऱ्या यंत्राची कमाई कापा. सांगितल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर निम्मी. आमची यंत्रं आमचीच असल्याने कोणी मुद्दाम खोटं बोलत नाही, पण अंदाज चुकणारं यंत्र या कपातीमुळे लगेच वर दिसतं. यंत्रं वेगवेगळ्या मालकांची असतील तर एक पाऊल पुढे जा: सगळ्यांत कमी बोलीवाल्याला काम द्या, पण मोबदला त्याच्या वरच्या बोलीचा द्या. असं केलं की आपला खरा खर्च सांगणंच प्रत्येकाच्या हिताचं ठरतं. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या लिलावाचं हे उलटं रूप. त्यांना १९९६ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला, आणि स्पॉनमध्येही हीच दुसऱ्या बोलीची रीत होती.

बोली लावायचं ओझं वापरणाऱ्यावर टाकू नये हे मोठ्या कंपन्यांनाही उमगलं. ॲमेझॉनने २००९ च्या डिसेंबरात आपली उरलेली यंत्रं बोलीने द्यायला सुरुवात केली. २०१७ अखेरीस त्यांनी रीत बदलली, भाव सावकाश हलू लागले आणि बोली लावल्याशिवायही यंत्र घेता येऊ लागलं.

पाचवी पायरी: पाकीट

या पायरीत आकडेमोड सगळ्यांत कमी आणि बोलणं सगळ्यांत जास्त. पाकिटं ठरवायला मी चारही कंपन्यांच्या संचालकांना एकत्र बसवलं. कवड्यांचं गणित फळ्यावर लिहिलं नाही. विचारलं एवढंच, की यंत्रं दमली तर कोणाचं काम आधी व्हावं. उत्तर एकमुखाने आलं: काटा, मग कास्तकाराचं चुकारं, मग बाकी.

एकूण कवड्या यंत्रांच्या ताकदीच्या मानाने वाटा. दणकट यंत्राच्या प्रोसेसरचा एक गाभा (कोअर) सेकंदाला १०० कवड्यांचं काम करतो, त्यावरून तासाची एकूण क्षमता काढा आणि तिच्या साधारण सत्तर टक्के वाटा. दुप्पट वाटल्या तर काम दुप्पट होत नाही, दर तेवढे फुगतात.

पाकीट आठवड्याला भरू नका. मी तसंच भरत होतो. हिशेब विभागाने दोन आठवडे काही खर्च केलं नाही आणि तिसऱ्या सोमवारी साठलेल्या सगळ्या कवड्या एकदम ओतल्या. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचंही काम हललं नाही. चूक त्यांची नव्हती, साठवायची मुभा मीच ठेवली होती. आता पाकीट दर मिनिटाला थोडं थोडं भरतं आणि सहा तासांच्या भरण्यापेक्षा जास्त साठत नाही. यंत्रांची कमाई रोज रात्री तिजोरीत परत येते. यंत्राला श्रीमंत होऊन काही करायचं नाही, त्याची कमाई ही फक्त मोजपट्टी आहे.

क्वेरी परतल्यावर बजेट पूर्ण न कापता ठरलेला भाव कापा, पण क्वेरी निघतानाच पूर्ण बजेट अडकवून ठेवा. नाहीतर एकाच वेळी दहा क्वेरी त्याच कवड्यांवर निघतात.

सहावी पायरी: प्रती कुठे ठेवायच्या

इथवर कामाचा भाव झाला. आता माहितीचा. कोणत्या गावच्या नोंदींची प्रत कोणत्या यंत्रावर असावी, हेही कमाईवरून ठरवता येतं.

ऑक्टोबरातलं एक गाव घ्या. त्याच्या नोंदी गोदामातून दिवसाला ९०० वेळा वाचल्या जातात, दर वेळी नेटचे ३ कवड्या. म्हणजे २७००. गोदामाने प्रत ठेवली तर हे वाचतात. खर्च काय? दिवसाच्या ४०० पावत्या, प्रत्येक प्रतीवर चढवायला २ कवड्या, म्हणजे ८००, आणि जागेचे ३००. एकूण ११००. प्रत घेणं फायद्याचं. तेच गाव फेब्रुवारीत: वाचनं ४०, म्हणजे १२० कवड्या, पावत्या ५, म्हणजे १०, अधिक जागेचे ३००. प्रत सोडून द्यावी.

गोदामाचं यंत्र हा हिशेब रोज रात्री मागच्या सात दिवसांवर करतं. कमाई खर्चाच्या दीडपट झाली तरच प्रत घ्यायची, सत्तर टक्क्यांखाली गेली तरच सोडायची. मधल्या पट्ट्यात काही करायचं नाही. हा पट्टा नसेल तर आज घेतलेली प्रत उद्या सोडली जाते आणि परवा पुन्हा घेतली जाते, आणि मोबाइल नेट त्यातच संपतं.

तुकडे किती मोठे असावेत हाही प्रश्न आहे. आम्ही गाव आणि हंगाम असा तुकडा पाडला. त्याहून बारीक केल्यावर हिशेबाचाच हिशेब वाढला.

आणि इथे भावाला एक कुंपण घाला. प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती, वेगवेगळ्या गावी, कायम. मग त्यांची कमाई शून्य असो. आमच्या रचनेत मूळ प्रत गावात आणि दुसरी मुंबईत, या दोन विकताच येत नाहीत. पाच वर्षांपूर्वीच्या पावतीला गिऱ्हाईक नसतं, पण पीकविम्याच्या भांडणात कास्तकाराला तोच कागद लागतो.

ज्याला भाव लावायचाच नाही

काट्याची पावती बाजारात येत नाही. प्रत्येक केंद्राच्या यंत्रावर तिच्यासाठी जोडण्या आणि प्रोसेसरचा हिस्सा राखलेला आहे, आधी तेवढं बाजूला काढायचं आणि उरलेल्याचाच भाव पुकारायचा. पहिल्यांदा मी पावतीला खूप मोठं पाकीट दिलं होतं आणि वाटलं की झालं. पण पाकीट कितीही मोठं असलं तरी बोली, दलाल, फळा या वाटेने जावंच लागतं, आणि नेट गेलं की ती वाट बंद. पावती त्याच खोलीतल्या यंत्रावर, कोणाला न विचारता निघाली पाहिजे. चुकाऱ्याची नोंदही तशीच. ज्या व्यवहारात दोन यंत्रांवर एकदम लिहावं लागतं तिथे बोली लावू नका. एक यंत्र तयार आणि दुसरं भावावर अडलेलं, अशा स्थितीत कुलुपं धरून ठेवणं महागात पडतं.

सुरुवात कधी, कशी

हंगामात मुळीच सुरू करू नका. मार्च ते मे हा काळ चांगला. पहिले तीन आठवडे भाव फक्त लिहून काढा, कोणाचीही कवडी कापू नका, काम जुन्याच पद्धतीने चालू द्या. रोज सकाळी नोंदवही उघडून बघा: भाव पद्धतीने काल हे काम कुठे पाठवलं असतं, आणि तुम्ही स्वतः कुठे पाठवलं असतं. दोन्ही उत्तरं वारंवार वेगळी येत असतील तर बहुतेक वेळा गुणक चुकलेला असतो. आमच्या पहिल्या तीन आठवड्यांत मी दोन गुणक बदलले आणि एका टेबलाला इंडेक्सच, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूचीच, नव्हता हे कळलं. त्या इंडेक्सनेच निम्मी गर्दी कमी झाली.

मग फक्त अहवालांना खरा भाव लावा. महिनाभराने प्रतींचा हिशेब सुरू करा. बोली सगळ्यांत शेवटी.

चालू झाल्यावर रोज तीन आकडे बघायचे. काट्यावर पावतीला लागलेला वेळ, सरासरी नको, दिवसातला सगळ्यांत वाईट. प्रत्येक यंत्राचा दर किती वेळ वरच्या हद्दीला टेकून होता: रोज तासभर ८ वर असेल तर भाव आता काही सांगत नाही, तिथे नवं यंत्र किंवा जास्त रॅम लागेल. आणि कोणाचं पाकीट रिकामं होऊन काम परत गेलं. हा तिसरा आकडा आला की मी त्या माणसाला फोन करतो. गेल्या हंगामात असा फोन एका केंद्रावरच्या मुलीला केला. ती दर दहा मिनिटांनी पूर्ण दिवसाची यादी मागवत होती, कारण शेवटची पावती चढली की नाही हे बघायला तिच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. तिला शेवटच्या पाच पावत्या दाखवणारी छोटी खिडकी करून दिली. ती क्वेरी आता अर्ध्या कवडीची आहे.

मृगाआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, एक रंगीत तालीम घ्या. मागच्या ऑक्टोबरातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवसाच्या क्वेरी नोंदवहीतून काढा आणि त्याच क्रमाने, त्याच वेगाने पुन्हा सोडा. मध्येच एका केंद्राचा मेन स्विच खाली पाडा. काट्यावर उभं राहा, घड्याळ हातात घ्या आणि कागद किती सेकंदांत बाहेर येतो ते स्वतः मोजा. आमच्याकडे गेल्या जूनमध्ये तो दोन सेकंदांत आला.